हातात पैसा न टिकणारा मुलगा: एका घराचं प्रकरण

आई-वडील सल्ल्यासाठी माझ्याकडे आले तेव्हा तक्रार अशी होती: मुलगा १४ वर्षांचा, त्याच्या हातात पैसा टिकत नाही. महिन्याचा हातखर्च मिळाला की चार-पाच दिवसांत फस्त, आणि उरलेला महिना आईच्या मागे भुणभुण. कडेलोट झाला तो मोबाइलवरच्या एका गेममुळे. आईच्या फोनमध्ये तिचं कार्ड सेव्ह केलेलं होतं. दोन संध्याकाळी मिळून मुलाने गेममधली नाणी, पोशाख, बंद पेट्या असं बरंच काही घेतलं. कार्डाचं बिल आलं तेव्हा आकडा निघाला त्याच्या सहा महिन्यांच्या हातखर्चाएवढा. धाकटी बहीण ८ वर्षांची. तिच्याबद्दल तक्रार नव्हती, उलट कौतुकच: "ती एक नाणंसुद्धा मोडत नाही." या कौतुकाकडे नंतर येऊ.

आई नोकरी करते, वडिलांचा स्वतःचा लहानसा व्यवसाय आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि एकाहून अधिक घरांत दिसलेल्या गोष्टी इथे एका घरात आणल्या आहेत. रकमाही मुद्दाम दिलेल्या नाहीत. सगळं 'महिन्याचा हातखर्च' या मापात सांगितलं आहे, कारण प्रत्येक घराचा आकडा वेगळा असतो.

आई-वडील काही हातावर हात ठेवून बसले नव्हते. समजावून झालं, ओरडून झालं, गल्ला आणून दिला, बचतीवरची एक कार्यशाळाही मुलाकडून करून घेतली. गेमच्या बिलानंतर फोन काढून घेतला आणि हातखर्च बंद केला. दोघांचं म्हणणं एकच: याला पैशाची किंमतच कळत नाही.

म्हणून आधी तेच तपासलं. मुलाला चक्रवाढ व्याज येत होतं. ७२ला व्याजदराने भागलं की पैसे दुप्पट व्हायला किती वर्षं लागतील ते अंदाजे कळतं, हेही त्याला ठाऊक होतं. ८ टक्के म्हटल्यावर त्याने "नऊ वर्षं" असं चटकन सांगितलं. (आईला हा नियम माहीत नव्हता. तिने तो तिथल्या तिथे लिहून घेतला.) गरज आणि हौस यांतला फरक विचारला तर कार्यशाळेत शिकवलेलं उत्तर जसंच्या तसं आलं. थोडक्यात, माहितीत कमी नव्हती.

यात नवल नाही. फर्नांडिस, लिंच आणि नेटेमेयर या तिघांनी २०१४ साली आर्थिक शिक्षणावरच्या २०१ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. लोकांच्या आर्थिक वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला जेमतेम ०.१ टक्का अशा शिक्षणाने समजावता येतो, असं त्यांना आढळलं. शिकलेलं काळाबरोबर विरतं, हेही दिसलं. पुढे २०२२ मध्ये ७६ नियंत्रित प्रयोगांचा दुसरा आढावा आला आणि त्यात शिक्षणाचा परिणाम बऱ्यापैकी चांगला निघाला, त्यामुळे वर्ग निरुपयोगी असतात असं मी म्हणणार नाही. पण या मुलाला आणखी एका वर्गात बसवून काही साधलं नसतं.

तीन माणसं, तीन हिशेब

मग आई, वडील आणि मुलगा यांना वेगवेगळं बसवून एकच काम दिलं: गेल्या सहा महिन्यांत या मुलाच्या पैशांचं जे काही देणंघेणं झालं, ते आठवेल तसं कागदावर लिहा.

वडिलांचा कागद एका ओळीचा होता: "दर महिन्याला हातखर्च देतो." आईचा दोन ओळींचा: "ते देतात ते वेगळं. मागितलं आणि कारण पटलं तर मी वर देते." मुलाने कागद घेतलाच नाही. त्याने फोन मागून घेतला, नोंदींचं ॲप उघडलं आणि समोर धरला. नोंदीचं शीर्षक होतं 'येणे'.

यादी बारकाईने ठेवलेली होती. वाढदिवसाला मिळालेले पैसे, पुढे कंसात 'आईकडे, तुझ्या नावाने ठेवते म्हणाली'. मावशीने दिलेले, पुढे 'आईकडे, तेच'. गल्ल्यातले, पुढे 'बाबांनी घेतले, सुट्टे नव्हते, उद्या देतो'. परत एकदा गल्ल्यातले, पुढे नुसतं 'बाबा'. मग महिन्यांची नावं: एका महिन्यापुढे 'नाही', एकापुढे 'अर्धा, गणित', एकापुढे 'दुप्पट!!'. उद्गारचिन्हं त्याचीच.

एकेक उलगडून विचारलं तेव्हा चित्र स्पष्ट झालं. 'नाही' लिहिलेल्या महिन्यात वडिलांचं एका ग्राहकाकडचं येणं अडकलं होतं. 'अर्धा' हा गणिताच्या गुणांबद्दलचा दंड. 'दुप्पट' महिन्यात मोठं काम मिळालं म्हणून वडील खुशीत होते. सहा महिन्यांत ठरलेली रक्कम ठरलेल्या दिवशी मिळाली, असं फक्त दोनदा घडलं होतं. आणि बाजूला टाकलेला पैसा एकदाही त्याच्याकडे परत आला नव्हता.

"मग तू उरवत का नाहीस?" या प्रश्नावर त्याने मान वर न करता उत्तर दिलं, "ठेवले की जातात. खर्च केले तर निदान वस्तू तरी माझी राहते."

माझ्या मते सगळं प्रकरण या वाक्यात आहे. हा मुलगा उधळ्या नव्हता. ज्या घरात साठवलेला पैसा सुरक्षित नाही आणि पुढच्या महिन्याचा भरवसा नाही, तिथे आला तसा खर्च करून टाकणं हा शहाणपणाचाच निर्णय आहे. पगार कधी होईल आणि किती होईल याची खात्री नसेल तर मोठी माणसंही वेगळं काय करतात?

मुलांच्या संयमाचा विषय निघाला की स्टॅनफर्डमधला वॉल्टर मिशेल यांचा प्रयोग हमखास सांगितला जातो: समोर गोड खाऊ ठेवायचा, आत्ता खाल्लास तर एक, थांबलास तर दोन. जी मुलं थांबली ती पुढे आयुष्यात यशस्वी झाली, असा त्याचा सारांश पालकसभांत फिरतो. त्यापुढची गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. २०१८ मध्ये वॉट्स, डंकन आणि क्वान यांनी नऊशेहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हा संबंध मूळ दाव्याच्या निम्माच निघाला, आणि घरची परिस्थिती हिशेबात धरल्यावर त्यातलाही बराचसा विरघळला.

आपल्या प्रकरणाला लागू पडतो तो रोचेस्टर विद्यापीठातल्या सेलेस्ट किड आणि सहकाऱ्यांचा २०१३चा प्रयोग. ३ ते ५ वर्षांची २८ मुलं. त्यांना चित्र काढायला बसवलं आणि सांगितलं, जरा थांबलात तर याहून छान साहित्य आणून देते. निम्म्या मुलांना ते खरंच आणून दिलं. उरलेल्या निम्म्यांना "माफ करा, नाहीये" असं सांगितलं. असं दोनदा केलं आणि मग खाऊची परीक्षा घेतली. ज्यांना दिलेला शब्द पाळला होता ती मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, ज्यांना फसवलं होतं ती ३ मिनिटं. पूर्ण १५ मिनिटं थांबणारी मुलं पहिल्या गटात १४ पैकी ९ होती आणि दुसऱ्या गटात १४ पैकी १. दोन्ही गटांत मुलं चिठ्ठ्या टाकल्यासारखी कशीही वाटलेली होती. मग संयम नेमका कोणाचा मोजला गेला, मुलांचा की मोठ्यांच्या शब्दाचा?

वडिलांना हे ऐकवलं तेव्हा ते थोडे दुखावले. "मी काय त्याला फसवायला घेतले पैसे? घरासाठीच घेतले ना!" बरोबर आहे, हेतू वाईट नव्हताच. पण मुलाच्या नोंदीत हेतूसाठी रकाना नव्हता.

गेमचं बिल

ते बिल वेगळं पाहावं लागतं, कारण त्यात दोष एकट्याचा नाही. दोन संध्याकाळी किती वेळा खरेदी केलीस असं विचारल्यावर मुलगा म्हणाला, "चार-पाचदा असेल." बिलावर २३ नोंदी होत्या. तो खोटं बोलत नव्हता. गेममधलं चलन ठरावीक गठ्ठ्यांत विकतात आणि वस्तूंच्या किमती अशा बेताने लावलेल्या असतात की प्रत्येक गठ्ठ्यातलं थोडं शिल्लक राहतंच. ते वाया जाऊ नये म्हणून पुढचा गठ्ठा घ्यायचा. त्याने मोजल्या त्या वस्तू, बँकेने मोजले ते गठ्ठे. शिवाय खरा पैसा एकदा गेममधल्या नाण्यांत बदलला की मन त्याला पैसा मानत नाही. नोट मोडताना हात जसा अडखळतो तसा इथे अडखळत नाही.

याला फशी पडणारं हे काही पहिलं मूल नव्हे. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०१४ मध्ये ॲपलकडून किमान ३ कोटी २५ लाख डॉलरचा परतावा ग्राहकांना मिळवून दिला, तो मुलांनी ॲपमध्ये केलेल्या अशाच खरेदीबद्दल. आक्षेप असा होता की पालकाने एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं पुन्हा न विचारता खरेदी होत राहते, हे पालकांना सांगितलेलंच नव्हतं. त्यानंतर खरेदीआधी पासवर्ड विचारणाऱ्या कुलपांची सोय वाढली, पण ती कोणीतरी चालू करावी लागते. आईच्या फोनमध्ये ती बंद होती. त्यामुळे भरपाई ठरवताना मी अर्ध्याचाच आग्रह धरला: बिलाचा निम्मा भाग मुलाचा, निम्मा आईच्या निष्काळजीपणाचा. मुलाच्या वाट्याला आला तीन महिन्यांचा हातखर्च. दर महिन्याला हातखर्चाचा चौथा भाग, असे बारा हप्ते. वडिलांना व्याजही लावायचं होतं, शिकवण म्हणून. ते सोडून द्या म्हटलं. एका वेळी एकच धडा पुरे.

काय ठरलं

सर्वात आधी आई-वडिलांनी 'येणे' या नोंदीतली सगळी रक्कम चुकती करायची. यावर बराच वाद झाला. वडिलांचं म्हणणं, "मुलाचं कसलं देणं लागतो मी? त्याचं सगळं मीच करतो ना." आणि द्यायचंच असेल तर गेमच्या बिलातून वळतं करून टाकू. हिशेबाच्या दृष्टीने यात चूक काही नाही. पण वळतं केलं असतं तर मुलाच्या बाजूने पुन्हा तेच घडलं असतं: त्याचे म्हणून ठेवलेले पैसे मोठ्यांनी काही कारण सांगून नाहीसे केले. म्हणून रक्कम रोख त्याच्या हातात दिली, आणि हप्ता पुढच्या महिन्यापासून त्याने स्वतःच्या हाताने द्यायचा असं ठरलं.

दुसरं, हातखर्चाची तारीख पक्की. रक्कम ठरवताना नेहमीची चूक टाळली. वडील चांगल्या महिन्याच्या अंदाजाने आकडा सांगत होते. आम्ही वर्षातला सर्वात ओढगस्तीचा महिना धरला: त्या महिन्यातही जे देता येईल तेवढंच ठरवायचं. रक्कम आधीपेक्षा थोडी कमीच झाली. मुलाने विचारलं, "पण दर महिन्याला?" हो म्हटल्यावर त्याने कुरकुर केली नाही.

तिसरं, गुण, वागणूक, उलट उत्तरं, खोलीतला पसारा यांचा हातखर्चाशी संबंध तोडायचा. शिक्षा करायची तर दुसरी करा. दंडाच्या हत्याराची गंमत अशी की ते नेहमी हवं तिकडेच लागतं असं नाही. नीझी आणि रुस्तिकिनी यांचा २००० सालचा अभ्यास इस्रायलमधल्या हैफा शहरातल्या १० पाळणाघरांचा आहे. मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना त्यांपैकी सहा ठिकाणी दंड लावला, तर उशीर वाढला. दंड भरला की झालं, अपराधीपणा संपला. पुढे दंड काढून टाकला तरी उशीर आधीच्या पातळीवर उतरला नाही. गणितात कमी गुण मिळाले आणि अर्धा हातखर्च गेला, तर मुलाच्या लेखी गणिताचा विषय तिथेच मिटतो.

घरकामाला पैसे द्यावेत का, हा प्रश्न आईने विचारला. स्वतःचं ताट उचलणं, अंथरूण आवरणं याला नाही. घरात राहणाऱ्या प्रत्येकाची ती कामं आहेत. एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं असतं असं एखादं काम मुलाने केलं, तर मोबदला जरूर द्यावा, तोही आधी ठरवून.

आणि मला स्वतःला सर्वात महत्त्वाची वाटते ती गोष्ट: पैशाबरोबर खर्चाची जबाबदारीही त्याच्याकडे द्यायची. मोबाइलचा डेटा, वह्या-पेनं, मित्रांबरोबरचं बाहेर जाणं, मित्रांना द्यायच्या भेटी हे सगळं त्याच्या हातखर्चातून. त्यासाठी आई आजवर जे वरचेवर देत होती ते एकत्र करून हातखर्चात घातलं. फी, औषधं, जेवणखाण, प्रवास यांना हात लावायचा नाही. नुसता मौजेसाठी मिळणारा पैसा फक्त मौज करायला शिकवतो. निवड करायला तो शिकवत नाही, कारण तो संपल्याने काही अडत नाही.

पुढे काय झालं

पहिल्या महिन्यात सगळे पैसे नवव्या दिवशी संपले. अपेक्षितच होतं. विसाव्या दिवशी डेटा संपला आणि मुलगा मित्रांच्या गटातून बाहेर पडल्यासारखा झाला. त्याने आईकडे मागितलं, आईने नाही म्हटलं. मग दोन दिवसांनी वडिलांच्या लक्षात आलं की संध्याकाळी आईच्या फोनचं हॉटस्पॉट चालू असतं. "मी कुठे पैसे दिले?" हा आईचा बचाव. यावर नवरा-बायकोत चांगलीच जुंपली. मला विचाराल तर हॉटस्पॉट म्हणजे पैसेच. पण आईची बाजूही समजून घेण्यासारखी आहे: डोळ्यांसमोर पोर हिरमुसलेलं पाहणं अवघड असतं, आणि मोठ्या संकटापेक्षा अशा छोट्या गैरसोयीत पाझर लवकर फुटतो. दुसऱ्या महिन्यापासून हॉटस्पॉट बंद.

दुसऱ्या महिन्यात त्याने बहिणीकडून उसने घेतले. पहिल्या तारखेला देतो म्हणाला आणि दिले नाहीत. ती थेट वडिलांकडे गेली: "बाबा, तुम्ही दादाचे परत दिलेत ना? मग दादानेही माझे द्यायचे." त्याने दिले. इतक्या महिन्यांचा उपदेश ऐकून न झालेली गोष्ट वडिलांनी स्वतःचं देणं फेडल्याने धाकटीच्या डोक्यात पक्की बसली होती.

तिच्याबद्दलही दोन शब्द. एक नाणंसुद्धा न मोडणारी मुलगी ही चांगल्या सवयीची खूण आहे असं सगळे धरून चालले होते. मला ते तितकं खरं वाटलं नाही. कशासाठी साठवतेस, याला तिच्याकडे उत्तर नव्हतं. नाणी मोजली की कौतुक होतं, एवढं तिला कळलं होतं. तिला महिन्याऐवजी आठवड्याला पैसे द्यायला सांगितलं (त्या वयाला महिना फार लांबचा) आणि तीन पारदर्शक बरण्या दिल्या: आत्ता, नंतर, दुसऱ्यासाठी. 'नंतर'च्या बरणीवर हव्या असलेल्या वस्तूचं चित्र चिकटवायचं आणि ती वस्तू चारेक आठवड्यांत येण्याजोगी असली पाहिजे. पहिली वस्तू घेताना ती दुकानात रडली, बरणी रिकामी झाली म्हणून. दुसऱ्या वेळी रडली नाही, पण वस्तू बदलली: ठरवलेली सोडून स्वस्तातली घेतली आणि उरलेले परत बरणीत टाकले. आता ती निर्णय घ्यायला लागली आहे, असं म्हणता येईल.

चौथ्या महिन्यात वडिलांचं येणं पुन्हा अडकलं. तारखेच्या आदल्या रात्री त्यांचा फोन: "या महिन्यात अर्धाच दिला तर?" रक्कम ठरवली होती ती याच महिन्यासाठी, एवढंच मी म्हटलं. त्यांनी पूर्ण दिली. त्या महिन्याअखेर मुलाकडे पहिल्यांदा शिल्लक राहिली.

पाचव्या महिन्यात गणिताचे गुण पुन्हा घसरले, वडिलांचा पारा चढला आणि हातखर्च रोखला गेला. मुलगा काही बोलला नाही. आठवड्याने वडिलांनी स्वतःहून पूर्ण रक्कम दिली, तर ती तीन दिवसांत संपली. आधीच्या महिन्याची शिल्लकही तिच्यासोबत गेली. एका घरातल्या एका घटनेवरून सिद्धांत मांडता येत नाही, शिवाय परीक्षा संपली होती, मित्रांचे बेतही असतील. तरीही शब्द मोडल्यावर जुनी चाल किती झटकन परत आली, हे वडिलांनी स्वतःच ताडलं. त्यानंतर त्यांनी फोनमध्ये हातखर्च दर महिन्याला आपोआप जमा होईल अशी सोय करून टाकली. मूड कसाही असो, बँकेला त्याचं काही नसतं.

आता आठवा महिना चालू आहे. सात हप्ते दिले गेले, त्यातला एक उशिरा. गेममध्ये मुलगा अजूनही खर्च करतो, पण स्वतःच्या पैशाने, आणि गठ्ठा घेण्याआधी उरलेल्या नाण्यांचा हिशेब घालतो. ही अक्कल त्याला कोणी शिकवलेली नाही. त्याच्या नावाने खातं उघडलं आहे. त्यातली रक्कम आईला दिसते, पण त्याला विचारल्याशिवाय काढायची नाही, असं लिहून घेतलं आहे. ते लिहून घ्या हे मुलाने सुचवलं. नव्या शैक्षणिक वर्षापासून कपड्यांचा खर्चही त्याच्याकडे द्यायचा बेत आहे. आईला त्याची धास्ती वाटते. पहिल्या खेपेला तो सगळे पैसे एका बुटांवर घालवील, असा तिचा अंदाज आहे आणि तो बहुधा खरा ठरेल. जुने कपडे वर्षभर चालवावे लागले तरी चालतील, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं आहे.

भरपाईवर मात्र एकमत झालेलं नाही. वडिलांना अजूनही वाटतं की बिल पूर्ण वसूल व्हायला हवं होतं, अर्धं सोडून मी मुलाला सवलत दिली. मला ती सवलत वाटत नाही. आईने तिच्या वाट्याची निम्मी रक्कम स्वतःच्या खर्चातून काढली, आणि ती कशी काढली हे जेवणाच्या टेबलावर मुलांसमोर मोजून दाखवलं.